निरगुडकर साहेबांचा खण

निरगुडकर साहेबांनी बंगळूरला बारा वर्षं काढली आणि एवढ्या काळात त्यांना कानडीतले दोनच शब्द आले, 'स्वल्प' आणि 'सरी'. पहिला ते कॉफीत साखर किती हे सांगताना वापरत. दुसरा, म्हणजे 'बरं, ठीक', समोरचा माणूस बोलत असताना वापरत, त्याने थांबावं म्हणून.

अमेय, मागच्या रविवारी तू फोनवर सांगत होतास की तुझ्या कंपनीतला संगणक वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेली, पण कानाला सारखी लागणारी नावं शोधून एकत्र आणतो. मग तू विचारलंस, "आजी, कळतंय ना?" मी कळतंय म्हटलं, तेव्हा तू आणि तुझी बहीण रेवा दोघंही हसलात. हसा. पण ते काम मी तुझ्या बाबाच्या जन्माआधी लाकडी खणांत आणि पुठ्ठ्याच्या कार्डांवर केलेलं आहे. पद्धत चांगली होती. ती आमच्या कचेरीत आणणारा माणूस चांगला नव्हता. या दोन गोष्टींची गल्लत होऊ नये, म्हणून दोन्ही वेगळ्या करून लिहिते.

आधी पद्धत. नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर ठेवायचं. पुढचे सगळे स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय ही अक्षरं टाकून द्यायची. उरलेल्यांत ज्यांचा आवाज एकमेकांच्या जवळचा त्यांना एकच आकडा: बी, पी, व्ही यांना एक, डी, टी यांना तीन, एम, एन यांना पाच, असं. तीन आकडे झाले की थांबायचं. कमी पडले तर पुढे शून्य. म्हणजे कुणी 'चौधरी' हे नाव चार तऱ्हांनी लिहिलं तरी चारही कार्डं एकाच खणात जाऊन पडतात. तिकडे, म्हणजे अमेरिकेत, याला साउंडेक्स म्हणतात. मी 'तिकडे' म्हणते ते निरगुडकरांची सवय अंगात मुरली म्हणून.

आमचा कारखाना सरकारी होता, शहराबाहेर, यंत्रं बनवणारा. मी बेळगावहून बी.ए. होऊन मल्लेश्वरमला मावशीकडे राहायला आले होते आणि कारखान्याच्या कामगार-नोंद विभागात टायपिस्ट म्हणून लागले होते. विभागाचे प्रमुख निरगुडकर. ते काचेच्या पार्टिशनमागे बसत. पार्टिशनच्या अलीकडे मी आणि सावित्रक्का. सावित्रक्का पन्नाशीच्या होत्या. त्यांचं घराणं मूळचं आपलंच, पण किती पिढ्यांपूर्वी बंगळूरच्या पेठेत येऊन राहिलं ते त्यांनाही सांगता येत नसे. त्यांच्या मराठीत निम्मं कानडी असे आणि ते फार गोड लागे. मला त्या 'कुसुमा' म्हणत.

निरगुडकर सरकारी खर्चाने नऊ महिने अमेरिकेला कार्यालयीन पद्धती शिकायला जाऊन आले होते. परत येऊन त्यांना काही वर्षं झाली होती, पण त्यांच्या चामडी बॅगेवरची विमान कंपनीची चिठ्ठी अजून जागेवर होती. एकदा ती एका कोपऱ्याने सुटली, तेव्हा त्यांनी पार्टिशनमागे बसून ती डिंकाने चिकटवली आणि वर पेपरवेट ठेवून वाळू दिली. मी काचेतून पाहिलं. मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं, आणि त्या दिवशी माझी तीन पत्रं परत आली.

पत्रं परत येत ती समासापायी. त्यांच्याजवळ एक पितळी कडेची फूटपट्टी होती. टाइप केलेला कागद समोर गेला की ते ती डाव्या कडेला लावत, मग वर, मग खाली. डावीकडे दोन इंच, वर दीड. बरोबर भरलं की सही. मजकुराकडे ते नजरही टाकत नसत. वाचणं हे कारकुनाचं काम, तिकडे मोठे अधिकारी वाचत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. "मजकूर तुमची जबाबदारी, मिस देशपांडे. समास माझी," हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकत असे. पहिल्या वर्षी मला वाटलं ही शिस्त आहे. मला स्वतःला शिस्त आवडते, तुम्हाला माहीत आहे. पुढे कळलं की हा आळस आहे, फक्त त्याला पट्टी लावलेली आहे.

डबा ते पार्टिशनकडे पाठ करून खात. बाहेर सांगत की आपल्याला आता काट्याचमच्याशिवाय जेवता येत नाही. सावित्रक्का म्हणत, पाठमोरा माणूस आमटी कशी ओरपतो ते खांद्यांवरून कळतं की ग.

माझ्या बेळगावी बोलण्याची त्यांना कीव यायची. एकदा म्हणाले, तुमचं मराठी म्हणजे कानडी भाकरीवर मराठी लोणी. सावित्रक्का कार्डं लावता लावता म्हणाल्या, लोणी तरी आहे साहेब, नुसती कोरडी नाही. साहेब 'सरी' म्हणाले.

ते साउंडेक्सचे खण आले तो दिवस मला आठवतो. सागवानी, पितळी मुठींचे, कारखान्याच्याच सुतारशाळेत बनवलेले. निरगुडकरांनी प्रत्येक मूठ स्वतः ओढून पाहिली. मग त्यांनी आम्हा दोघींना आमचे संकेत सांगितले. मी डी दोनशे पंधरा. सावित्रक्का एस एकशे छत्तीस. स्वतःचा संकेत, एन सहाशे तेवीस, त्यांनी एका छोट्या पितळी पाटीवर कोरून घेतला होता आणि ती पाटी टेबलावर ठेवली होती. सुतारशाळेच्या फोरमनने ती पाटी पाहून मला हळूच विचारलं, साहेबांच्या गाडीचा नंबर आहे का. साहेबांकडे गाडी नव्हती.

जुने भरतीचे कागद मोठे, फुलस्केप होते. त्यांवर नाव, बापाचं नाव, गाव, ओळखीची खूण आणि डाव्या अंगठ्याचा ठसा असे. गालावर तीळ, कपाळावर व्रण, असं काहीबाही लिहिलेलं. नव्या कार्डावर निरगुडकरांनी यातलं फक्त नाव, बापाचं नाव, तालुका आणि वय एवढंच ठेवलं. तीळ आणि ठसे हे पोलिसांचं काम, आपण ऑफिस चालवतो, म्हणाले. जुने कागद बांधून गोदामात गेले आणि तिथून रद्दीत. सावित्रक्कांनी एवढंच विचारलं की पुढे कुणाची ओळख पटवायची वेळ आली तर. निरगुडकर म्हणाले, "आवाज पकडा, माणूस सापडतो." हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. पुढे त्यांनी ते इंग्रजीत करून वार्षिक अहवालात घातलं.

घोटाळा पहिल्या आठवड्यातच दिसायला लागला. ती पद्धत ज्या देशात निघाली तिथे प्रत्येकाला आडनाव असतं. आमच्या कामगारांना आडनाव नव्हतं. या भागात माणसाचं एक नाव असतं आणि त्याच्या आधी गावाचं नि बापाचं एकेक आद्याक्षर. शिवाय नावं तरी किती वेगळी असावीत. आनेकल तालुक्यातल्या खेड्यांत मुनेश्वराला नवस बोलतात आणि पहिला मुलगा झाला की त्याला मुनियप्पा म्हणतात. बाप मुनियप्पा नसला तर व्यंकटप्पा असतो, कारण त्याच्या आईचा नवस तिरुपतीचा होता. हे सगळं सावित्रक्कांनी साहेबांना समजावून सांगितलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की कार्डावर गावाचं नावही असू द्या, नुसता तालुका नको.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, की खेडवळांची भक्ती हे काही फायलिंगचं तत्त्व होऊ शकत नाही.

मुनियप्पाचा संकेत एम पाचशे दहा. महिनाभरात तो खण इतका भरला की बंद होईना. सुतार येऊन मागची फळी काढून गेला. मग शेजारचा खणही त्यालाच द्यावा लागला. सावित्रक्का म्हणायच्या, हा खण नव्हे, ही जात्रा आहे. आत हात घातला की कुणाचा पाय कुणाच्या गळ्यात ते कळत नाही.

पण खोटं लिहायचं नाही. पद्धत कामाला येत होती. एकदा कोलारकडचा एक म्हातारा आला. मुलगा घर सोडून गेला होता, इथे कामाला आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. भरती-कारकुनाने नाव कसंतरीच लिहिलेलं, म्हणून टाइम ऑफिसने दोनदा नाही म्हणून परत पाठवलं होतं. निरगुडकरांनी नाव ऐकलं, संकेत काढला, खण ओढला आणि कार्ड बाहेर आलं. मुलगा फौंड्रीत होता. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले आणि तो वाकला. निरगुडकरांनी पाय मागे घेतले, कारण बुटांना नुकतं पॉलिश झालं होतं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मला म्हणाले, "लिहून घ्या, तीन मिनिटं चाळीस सेकंद." त्यानंतर तो म्हातारा तिथे अर्धा तास बसून होता, कारण साहेबांनी जनरल मॅनेजरना बोलावून तोच प्रयोग पुन्हा करून दाखवला. कार्ड परत खणात घातलं, घड्याळ लावलं, आणि म्हाताऱ्याला नाव पुन्हा सांगायला लावलं. मुलाला बोलावणं गेलं ते त्यानंतर. दुसऱ्या वेळी तीन मिनिटं दहा सेकंद लागले.

आता मुनियप्पाची गोष्ट. तीच सांगायची आहे.

कारखान्यात एक संप झाला. तो मिटला तेव्हा काही माणसांना काढून टाकलं गेलं. मॅनेजमेंटला संशय होता की काढलेली माणसं नाव थोडं फिरवून दुसऱ्या फाटकाने पुन्हा भरती होताहेत. जनरल मॅनेजरनी विचारलं, तुमच्या खणांतून हे शोधता येईल का. निरगुडकर त्या दिवशी पार्टिशनच्या बाहेर येऊन आमच्या टेबलाच्या कडेवर बसले. एरवी ते टेबलाला हात लावला तर रुमालाने बोटं पुसत.

पंधरा दिवसांत त्यांनी सात जण पकडले. त्यांतले सहा खरोखर तसे होते. त्यांनी कबूल केलं. सातवा टूलरूमचा मुनियप्पा. संपात काढलेला एक मुनियप्पा होता, बाप व्यंकटप्पा, तालुका आनेकल, वय अठ्ठावीस. हा मुनियप्पा संपानंतर दोन महिन्यांनी लागला, बाप व्यंकटप्पा, तालुका आनेकल, वय अठ्ठावीस. चारही रकाने जुळले. एका कार्डावर नाव एका तऱ्हेने लिहिलेलं, दुसऱ्यावर दुसऱ्या. निरगुडकरांच्या लेखी हाच लबाडीचा पुरावा. सावित्रक्का म्हणाल्या, साहेब, तो इंग्रजी लिहीतच नाही, तर स्पेलिंग बदलणार कसा. फाटकावरचा कारकून त्या दिवशी जसा असेल तसं लिहितो. साहेब 'सरी' म्हणाले.

टूलरूमचा फोरमन स्वतः येऊन सांगून गेला की असा हात त्याच्याकडे दुसरा नाही. मुनियप्पा ठेंगणा होता, तिशीच्या आतच केस विरळ झालेला, बोलताना जमिनीकडे बघणारा. त्याला निरगुडकरांसमोर उभं केलं तेव्हा दुभाषी म्हणून मी होते. तो म्हणाला, आमच्या गावात आम्ही अकरा मुनियप्पा आहोत, शेजारच्या गावात किती ते मोजलं नाही. मी भाषांतर केलं. निरगुडकर मला म्हणाले की अकरा असले तर अकराच्या अकरांवर लक्ष ठेवायला हवं.

त्याला खोटं नाव सांगितल्याबद्दल काढून टाकायचा हुकूम निघाला. तो मीच टाइप केला. त्यात लिहिलं होतं की महिन्याच्या आत त्याने कंपनीची खोली सोडायची. तसा शेरा घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला बंगळूरच्या एकाही कारखान्यात फाटकाच्या आत घेत नसत. खोलीत त्याची आई होती. तिला दिसणं जवळजवळ बंद झालं होतं. ती भिंतीला हात लावून नळावर जायला नुकती शिकली होती. आणि बायकोला सातवा महिना होता. हे सगळं सावित्रक्का जाऊन बघून आल्या. दुसऱ्या दिवशी त्या कामावर आल्याच नाहीत. बारा वर्षांत त्यांची तेवढी एक रजा.

त्या आनेकलच्या बसने गेल्या होत्या, दुसऱ्या मुनियप्पाला शोधायला. त्यांना साउंडेक्स लागला नाही. बसस्टँडवर उतरून त्यांनी विचारलं की संपात नोकरी गेलेला मुनियप्पा कुठे राहतो, आणि पहिल्याच माणसाने सायकल-दुरुस्तीच्या दुकानाकडे बोट दाखवलं.

तो आला याचं मला अजून नवल वाटतं. संपात काढलेल्या माणसाने फाटकापाशी येणं धोक्याचं होतं. वॉचमन त्याला तोंडाने ओळखत होते. सावित्रक्का म्हणाल्या की त्याने फार विचार केला नाही. पान्याने नट आवळत होता, तो पुरता आवळला, हात पुसले आणि म्हणाला, माझं नाव त्याला आडवं येतंय, तर मी जाऊन उभा राहतो.

फाटकाजवळ पाहुण्यांसाठी एक खोली होती. तिथे दोघं शेजारी उभे राहिले. निरगुडकरांना फोरमनने जवळजवळ ओढत आणलं. मी कार्डं घेऊन मागून गेले. एक ठेंगणा, दुसरा दारातून वाकून आत आलेला, उंच, तोंडावर देवीचे व्रण. दोघांनी नमस्कार केला. आंधळ्या माणसालाही आवाजावरून कळलं असतं की हे दोघे आहेत.

निरगुडकरांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते दोन्ही कार्डं उजेडात धरून बघत राहिले, पुढून, मागून. मागे कोरीच होती. फोरमन म्हणाला, साहेब, माणसं समोर आहेत.

"माणूस हा पुरावा होत नाही," निरगुडकर म्हणाले. "माणूस आज येतो, उद्या जातो. रेकॉर्ड राहतं."

मग मला इंग्रजीत म्हणाले, की अहवाल वर गेलेला आहे. सातचा आकडा मॅनेजमेंटपुढे आहे. आता सहा केला तर पहिल्या सहांबद्दलही शंका निघेल. हे प्रकरण ते पुढच्या तिमाहीत पाहतील. आणि ते गेले. मी ते दोघांना कानडीत सांगायला हवं होतं. मी फक्त 'पुढे बघू म्हणतात' एवढंच सांगितलं. उंच मुनियप्पाने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला सगळं समजलं हे मला दिसलं. ठेंगणा मात्र बरं वाटल्यासारखा मान हलवत राहिला.

त्या महिन्याचे दिवस जात चालले. मुनियप्पा रोज सकाळच्या भोंग्याला फाटकाबाहेर येऊन उभा राही आणि आमची बस आत गेली की परत जाई. काही मागत नसे. निरगुडकरांनी वॉचमनला सांगून त्याला रस्त्याच्या पलीकडे उभं राहायला लावलं.

खोली सोडायला पाच दिवस राहिले तेव्हा सावित्रक्का माझ्या टेबलाशी आल्या. हातात एक कागद होता, पेन्सिलीने लिहिलेला, त्यांच्या गोल अक्षरात. या विभागाने अधिक तपास केला असता हे दोन भिन्न इसम असल्याचं निश्चित झालं आहे. मूळ निष्कर्ष विभागाच्या चुकीने काढला गेला. सदर कामगारास ताबडतोब परत घ्यावं. खाली सहीची जागा.

"टाइप कर, कुसुमा," त्या म्हणाल्या. "डावीकडं दोन इंच सोड. वर दीड."

मी विचारलं, वाचलं तर.

"इतक्या वर्षांत वाचलं नाही, आज का वाचंल की."

मी टाइप केलं. इतका स्वच्छ कागद मी आयुष्यात दुसरा टाइप केला नसेल. सावित्रक्कांनी तो सहीच्या फायलीत चौथा ठेवला, वर भोजनगृहाच्या भांड्यांची तीन पत्रं. आम्ही दोघी काचेकडे न बघता काचेकडे बघत होतो. पट्टी डावीकडे लागली. वर लागली. खाली लागली. सही झाली. पाचवं पत्र मात्र परत आलं, डावीकडे पाव इंच कमी म्हणून.

मुनियप्पा तिसऱ्या दिवशी टूलरूममध्ये परत लागला.

चौथ्या दिवशी निरगुडकरांना वर बोलावणं आलं. सावित्रक्का उगीचच पेन्सिलींना टोक करत बसल्या. त्या दिवशी त्यांनी डबाभर पेन्सिली संपवल्या. मला बेळगावची परतीची गाडी किती वाजता असते ते आठवत होतं. पाऊण तासाने निरगुडकर आले. हातात तो कागद. पार्टिशनमागे जाऊन त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदाच, मी शपथेवर सांगते, पट्टी न घेता वाचला. वरपासून खालपर्यंत, ओठ हलवत. मग आपल्या सहीकडे बराच वेळ बघत राहिले. शेवटी त्यांनी आम्हा दोघींना आत बोलावलं.

आम्ही उभ्या राहिलो. त्यांनी एकदा सावित्रक्कांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"जनरल मॅनेजर म्हणाले की आपली चूक लेखी कबूल करणारा अधिकारी त्यांनी आजवर पाहिला नव्हता," ते म्हणाले. काचेपलीकडच्या खणांकडे बघितलं. "मी हे बरोबरच केलं."

सावित्रक्का म्हणाल्या, "सरी, साहेब."

मी त्यांच्याकडून रागाची अपेक्षा केली होती. राग आला असता तर माझ्या मनात त्यांना थोडी जागा झाली असती. ते आमच्यावर ओरडले असते, आम्हाला काढलं असतं, तरी एका माणसाला दुसऱ्याने फसवलं आणि त्याला ते कळलं, एवढी तरी सरळ गोष्ट झाली असती. त्यांनी ती सही आपलीशी केली. महिनाभरात ते ही हकिकत पाहुण्यांना सांगू लागले. सहा महिन्यांनी त्या हकिकतीत त्यांनी स्वतः फाटकाजवळच्या खोलीत दोघांना शेजारी उभं केलं होतं. वर्षभराने त्यांना पहिल्यापासूनच संशय आलेला होता. मी दुभाषी होते, तेवढी मात्र मी त्यात शेवटपर्यंत राहिले.

मुनियप्पानेही तेच ऐकलं. त्याला कोण वेगळं सांगणार. खोटा कागद पुढे केला हे बाहेर पडलं असतं तर सावित्रक्कांची नोकरी गेली असती, माझी गेली असती आणि कदाचित त्याचीही पुन्हा. मी एकदा सावित्रक्कांना म्हटलं की तो बिचारा या माणसाच्या नावाने देवापुढे दिवा लावतो, हे बघवत नाही. त्या हसल्या. त्याला नोकरी मिळाली की नाही, म्हणाल्या. पाया कुणाच्या पडायचं ते त्याचं त्यानं बघावं, आपले पाय दुखतात.

आणखी दोन वर्षांनी निरगुडकरांना बढती मिळाली, दिल्लीला, सगळ्या सरकारी कारखान्यांच्या नोंदी त्यांच्या पद्धतीने लावण्यासाठी. आधी ते पुण्याला घरी जाणार होते. मला स्टेशनवर जावं लागलं, कारण त्यांच्या प्रवासाचे कागद माझ्याकडे होते. सावित्रक्का आल्या नाहीत. त्यांना पापड लाटायचे होते, असं त्यांनी सांगितलं.

फलाटावर कारखान्यातले आठ-दहा जण होते, हार घालून लगेच घड्याळाकडे बघणारे. गाडी सुटायला दहा मिनिटं असताना मुनियप्पा आला. पहाटेच्या पहिल्या बसने आनेकलला गावी जाऊन परत आला होता. डोक्यावर वेताची टोपली होती, अवरेकाईच्या, म्हणजे आपल्या पावट्यासारख्या, शेंगांनी भरलेली. थंडीचे दिवस होते, नुकत्याच तोडलेल्या शेंगा, त्यांचा तो तेलकट सुगंध सगळ्या फलाटावर पसरला. मागून बायको, सासूचा हात धरून. म्हातारीने विचारलं साहेब कुठे आहेत. मुनियप्पाने तिचे हात धरून निरगुडकरांच्या चेहऱ्यापर्यंत नेले. तिने तो चेहरा चाचपला, कपाळ, गाल, हनुवटी, आणि मग आपल्या कानशिलांवर बोटं मोडून त्यांची दृष्ट काढली. निरगुडकर ताठ उभे होते. त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, हे आणखी किती वेळ चालेल.

मी म्हटलं, झालं.

टोपली मुनियप्पाने त्यांच्या पायाशी ठेवली. सगळ्यांचे हात हातात घेऊन निरगुडकर डब्यात चढले, आत जाऊन खिडकीशी बसले आणि रुमालाने तोंड पुसलं. बॅग हमालाने आत दिली. टोपली राहिली. ती खिडकीपासून हातभर अंतरावर, त्यांना दिसेल अशी होती.

शिट्टी झाली, गाडी हलली. तेव्हा मुनियप्पाचं टोपलीकडे लक्ष गेलं. साहेब विसरले, असं म्हणून त्याने ती उचलली आणि धावत सुटला. भरलेली टोपली छातीशी धरून, आपल्या आखूड पायांनी, शेंगा सांडत, "साहेब, साहेब" करत. तो खिडकीच्या बरोबरीला पोचला होता. निरगुडकरांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी खिडकीची लाकडी झडप खाली ओढली. मी त्यांना पाहिलं ते एवढंच, बारा वर्षांतलं शेवटचं: झडपेवरची दोन पांढरी स्वच्छ बोटं, आणि मग तीही नाहीत.

मुनियप्पा फलाटाच्या टोकापर्यंत पळाला. परत आला तेव्हा त्याला धाप लागली होती. वाटेत सांडलेल्या शेंगा तो वेचत आला आणि टोपली त्याने माझ्यापुढे ठेवली.

"साहेबांना दिसलं नाही, अम्मा," तो म्हणाला.

त्याची आई उत्तराची वाट बघत माझ्या दिशेला तोंड करून उभी होती.

मी म्हटलं, "हो. दिसलं नाही."